उदाहरण सात-चार

अल्माटी, ४ फेब्रुवारी २०१९

प्रिय इर्मा,

संस्थेच्या तळघरातलं ते छपाईचं यंत्र आठवतं? आपण दोघी त्याच्यासमोर एका पालथ्या खोक्यावर बसायचो, मधे कागदाच्या पुडीत सूर्यफुलाच्या बिया. आपला कागद बाहेर यायला दोन-दोन तास लागायचे. झाडणारी बाई ओरडायची म्हणून तू टरफलं स्वतःच्या बुटात टाकायचीस. त्यातल्या कुठल्याच दिवशी काही विशेष घडलं नाही, तरी परवा बसमध्ये उभी असताना त्यातलाच एक दिवस मला लख्ख आठवला.

बसमध्ये, कारण मी पुन्हा ऑफिसात जाते. हसू नकोस. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी आपल्या हाताखाली शिकलेल्या दौरेनने बोलावलं.

"आपाय, एकच महिना," शाळेतल्या बाईंना विनवावं तसं म्हणाला. "मार्गदर्शिकेचा सातवा अध्याय इथे कुणाला कळत नाही."

"कळत नाही, की कुणी वाचत नाही?"

"दोन्ही."

एवढा मोठा साहेब झाला, पण खरं बोलायची खोड गेलेली नाही.

'अरिक'ची सहावी आवृत्ती एक मार्चला निघणार आहे. इतरांनी आपापले प्रोग्राम ज्यावर रचायचे त्या फ्रेमवर्कचं नाव आपण रस्त्याकडेच्या पाटांवरून ठेवलं होतं. पाट आपण खणून देऊ, पाणी ज्याचं तो सोडेल, असं तू म्हणाली होतीस. आता त्यावर कोण कुठलं शेत पिकवतंय, देव जाणे. माझं काम एवढंच, की एका प्रोग्रामात अनेक कामांचे धागे एकाच वेळी कसे चालवायचे ती तेवीस उदाहरणं नव्या यंत्रावर चालवून बघायची, मोडलेली दुरुस्त करायची, मजकूर ताजा करायचा.

तीन झाली, चौथ्यापाशी अडले. सात-चार, घरातल्या थर्मामीटरांचं. एक धागा खोल्याखोल्यांतून फिरतो आणि एका पाटीवर आधी खोलीचं नाव लिहितो, मग तिथलं तापमान. दुसरा धागा ती पाटी वाचून पडद्यावर दाखवतो. इर्मा, त्या पाटीला कुलूपच नाही! नाव नव्या खोलीचं लिहून झालंय, आकडा अजून आधीच्या खोलीचाच आहे, आणि नेमका तेव्हा दुसरा वाचायला आला तर? खाली आद्याक्षरं तुझी आहेत. कुलपाच्या चार ओळी मी घालते. दौरेन म्हणतो, गुपचूप घाला, गाजावाजा नको. तुझी हरकत नाही ना?

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही, म्हणून ई-मेल लिहिला. कान कसा आहे?

तुझी
राबिगा

*

कारागांदा, ६ फेब्रुवारी

राबिगा,

कान जागच्या जागी आहे, ऐकत मात्र नाही. माझ्या नवऱ्यावर गेलाय. इथे उणे एकतीस. जावई येर्किन पहिल्या पाळीला जातो आणि म्हणतो, खाणीत तुमच्या स्वयंपाकघरापेक्षा ऊब असते. खातो मात्र स्वयंपाकघरातच.

सात-चारला हात लावू नकोस.

बाकीची बावीस हवी तशी कर. हे एवढं उदाहरण मार्च संपेपर्यंत आहे तसं राहू दे. माझं एक काम त्यावर उभं आहे आणि ते आत्ता हलवता येत नाही. का, ते विचारू नकोस. इतक्या वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

बसमध्ये लोक बसायला जागा देतात की नाही तुला?

इर्मा

*

अल्माटी, ९ फेब्रुवारी

इर्मा, माझे बाई,

जागा देतात, आणि ते जास्त लागतं.

तू रागावलीस, हे कळलं. तुझी आद्याक्षरं मी उगाच काढली. वीस वर्षांपूर्वीच्या चार ओळींवरून कुणी तुला बोल लावणार नाही. हवं तर आद्याक्षरं काढून टाकते, माझीच चूक म्हणते. तू कायमची अशीच. प्रबंधावर लाल शाई दिसली की तीन दिवस माझ्याशी बोलायची नाहीस.

पण सात-चार तसंच ठेवता येणार नाही. काल ते नव्या यंत्रावर दिवसभर चालू ठेवलं. पाच खोल्या मीच ठरवल्या आणि बाल्कनीला उणे अठरा दिले. दुपारी चहा घेऊन आले तर पडद्यावर स्वयंपाकघर उणे अठरा! पुढच्या फेरीत पुन्हा बावीस. दिवसभरात असं अकरा वेळा झालं. जुन्या यंत्राला एकच मेंदू होता, दोन धागे आळीपाळीने चालायचे, टक्कर महिनोन्‌महिने व्हायची नाही. नव्याला आठ आहेत, दोघे खरोखरच एका वेळी पाटीपाशी येतात. दौरेन हसला. "आपाय, स्वयंपाकघरात बर्फ पडला!" मलाही हसू आलं.

तुझं काय उभं आहे त्यावर? मला सांगायला काय हरकत आहे?

राबिगा

*

कारागांदा, १२ फेब्रुवारी

राबिगा,

तुझं उणे अठरा वाचलं. मला हसू आलं नाही.

खाणीतला वायूचा फलक मी लिहिलाय. २००९ साली, इथे लागले तेव्हा. नियंत्रण कक्षात भिंतीएवढा पडदा आहे, त्यावर चौदा बोगदे आणि प्रत्येकातला मिथेन. दोन टक्क्यांच्या वर गेला की काम बंद करून त्या बोगद्यातली माणसं वर आणायची. लिहायला तीन आठवडे दिले होते. मी मार्गदर्शिका उघडली, सात-चार उचललं, खोल्यांची नावं पुसून बोगद्यांची घातली. स्वयंपाकघराचा झाला सातवा बोगदा. आता कळलं?

हो, खाली माझीच आद्याक्षरं होती. पण दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं कुणाला आठवतं? पुस्तक तू तपासलंस, तिसरी आवृत्ती निघाली, म्हणजे पुरं असणार असं मी धरलं. कुलूप नव्हतं तर छापलंच कसं तुम्ही?

आमची यंत्रं जुनी, एका मेंदूची. दहा वर्षांत फलक दोनदा चुकला. दोन्ही वेळा मी नोंदवहीत लिहिलं, सेन्सर मळला. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. एकवीस तारखेला जुनी यंत्रं काढून नवी बसवणार आहेत. आठ मेंदूंची. फीत कापायला पाहुणे येणार आहेत.

प्रोग्राममधली एक ओळ बदलायची तरी अर्ज, त्यात कारण, त्यावर मुख्य अभियंता झेनिसची सही. कारण काय लिहू? पेन्शनला चौदा महिने राहिलेत. आणि येर्किन रोज सातव्यात उतरतो.

म्हणून म्हटलं, हात लावू नकोस. तू 'सात-चार चूक आहे' असं छापलंस, तर झेनिसचा पहिला प्रश्न मला असेल. एकवीसच्या आत मी माझ्या पद्धतीने काहीतरी करते.

इर्मा

*

अल्माटी, १३ फेब्रुवारी

इर्मा,

तू विचारलंस, छापलंच कसं. ते शोधायला मी आज घरी माळ्यावर चढले. पहिली आवृत्ती सापडली, पान एकशे बारा. उदाहरणाच्या वर दोन ओळी आहेत, तुझ्याच भाषेत, तुझ्याच तिरसट सुरात: "हे फक्त धागे सुरू आणि बंद कसे करायचे ते दाखवण्यापुरतं आहे. खऱ्या कामात पाटीला कुलूप हवंच, नाहीतर पस्तावाल. पाहा सात-सहा."

तिसऱ्या आवृत्तीत त्या दोन ओळी नाहीत. त्या मी काढल्या.

मला तो दिवसही आठवतो. त्या दोन ओळींमुळे खालची आकृती पुढच्या पानावर जात होती आणि या पानावर अर्धी जागा मोकळी राहत होती. दिसायला वाईट दिसत होतं. मी त्या खोडल्या, पान छान बसलं, आणि मी खूश होऊन घरी गेले. उदाहरण आखूड हवं म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, हे मीच सगळ्या पोरांना शिकवलं. आणि जे आखूड तेच लोक उचलतात, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

तेव्हा चूक तुझी नाही. सोबत जोडलेली ही दोन पानं झेनिससमोर ठेव आणि माझं नाव सांग. मी सही करून देते. पण जा. एकवीसच्या आत जा. 'माझ्या पद्धतीने' म्हणजे काय, ते मला आधी लिही.

राबिगा

*

कारागांदा, १६ फेब्रुवारी

राबिगा,

तुझं पत्र चारदा वाचलं. तू खोडलंस, मी उचललं, हिशेब फिटला. आता मन मोठं करून सह्या वाटत बसू नकोस. तुझ्या सहीने झेनिस मला सोडणार नाही.

उद्या रविवार आहे. ऑफिसात कुणी नसतं, नियंत्रण कक्षात फलक पाहणारी बाई तेवढी एकटी असते. मी कुलूप घातलेला प्रोग्राम चढवते. दहा मिनिटांचं काम आहे. एकवीसला नव्या यंत्रावर तोच जाईल, कुणाला काही कळणार नाही, कुणाला काही होणार नाही. मग तू हवं ते छाप.

तोवर कुणाला एक अक्षर लिहू नकोस. तुला आपल्या मैत्रीची शपथ.

इर्मा

*

अल्माटी, १७ फेब्रुवारी, दुपार

इर्मा,

आताच वाचलं. एकटीने करू नकोस! चालू फलकावर, न तपासता, खाली पाळी असताना? कुलूप चुकीच्या जागी लागलं तर काय होतं, ते सात-नऊमध्ये मीच लिहिलंय: दोन धागे एकमेकांची वाट बघत बसतात आणि सगळं जागच्या जागी थिजतं.

आणि समजा तुझं जमलं. सात-चार आणखी कुणी कुणी उचललं असेल? ते सगळे काय देवाच्या भरवशावर?

मी झेनिसच्या नावाने पत्र लिहिलंय. दोन्ही पानं जोडली आहेत. पत्र समोर पडद्यावर उघडं आहे. उद्या सोमवारी संध्याकाळी पाच वाजता पाठवणार. त्याआधी तू गेलीस तर पाठवणार नाही, कारण तू स्वतः सांगणं आणि माझ्याकडून त्याला कळणं यात फार फरक आहे.

शपथ तू घातलीस, ती मी मोडते आहे. त्यानंतर तू मला लिहिलं नाहीस तरी चालेल. चालणार नाही खरं तर. पण पाठवीन.

राबिगा

*

कारागांदा, १८ फेब्रुवारी, चार वाजून दहा

पाठवू नकोस. मी जातेय. आत्ता.

*

कारागांदा, २० फेब्रुवारी

राबिगा,

नीट सांगते. दोन दिवस बोलून बोलून घसा बसलाय, पण हात चालतो.

तुझं पत्र मी उघडण्याआधीच, रविवारी दुपारी, मी नवा प्रोग्राम चढवला होता. आकडे आले, सगळे छान, सगळे खालचे. पाहणारी बाई चहा ओतत म्हणाली, "आज खाण किती शहाण्यासारखी वागतेय बघा, एक आकडा हलत नाही." मला आधी बरं वाटलं. मग कळलं. हलत नव्हते, कारण फलक थिजला होता. कुलूप लावून एक धागा दुसऱ्याची वाट बघत बसला होता, दुसरा त्याची. खाली काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं. जुना प्रोग्राम परत चालू करेपर्यंत चार मिनिटं गेली. खाली अठ्ठावन्न माणसं होती. येर्किनची पाळी नव्हती, पण त्याने काय फरक पडतो? मी चहा न पिता ठेवून दिला, तेव्हा त्या बाईने विचारलं, "साखर कमी झाली का?" मी हो म्हटलं.

सोमवारी दिवसभर टेबलाशी बसून राहिले. चारला तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि उठले.

झेनिस नियंत्रण कक्षात बसून फीत कापायच्या पाहुण्यांची यादी करत होता. मी म्हटलं, "फलक खोटं बोलतो."

"कुठला फलक?"

"तुमच्या मागचा."

त्याने मान वळवलीच नाही. "इर्मा दाविदोव्हना, मला आज वेळ नाही. थट्टा शुक्रवारी करा."

मग मी सगळं सांगितलं. स्वयंपाकघर, बाल्कनी, कुलूप, रविवारची चार मिनिटं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फोन उचलला आणि पाळीला वर बोलावलं. दुसऱ्या दिवशी नवं यंत्र जुन्याशेजारी लावलं, प्रत्येक बोगद्यात एक माणूस हातातलं मापक घेऊन उभा केला, आणि फोनवरून आकडे मागवले. पन्नास मिनिटं सगळं जुळलं. मी मनात फलकाला म्हटलं, चुकू नको, आणि मग म्हटलं, नाही, चुकून दाखव.

सातव्यातून फोन आला, "दोन पॉइंट एक." नव्या फलकावर सातवा: शून्य पॉइंट चार. तो सहाव्याचा आकडा होता. पुढची फेरी येईपर्यंत चाळीस सेकंद तो तिथे राहिला. धोक्याची घंटा वाजली नाही, घंटाही तीच पाटी वाचते. सातव्यात मापक घेऊन कोण उभा होता, ते तुला सांगायला नको. येर्किन धावत वर आला. काही झालं नाही. माझ्या लेकीला, लिलियाला, अजून सांगितलेलं नाही.

नवी यंत्रं थांबवली. फलक नीट होईपर्यंत माणसं मापकं घेऊन बोगद्यांत उभी राहतील. माझा पास काढून घेतला. मंगळवारी, सव्वीसला, चौकशी.

आता एक राहिलं. तुला मी खोटं लिहिलं होतं. नोंदवहीत 'सेन्सर मळला' असं मी लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, 'पाहणाऱ्याची चूक'.

२०१४ च्या मार्चमध्ये फलकासमोर तोलेगेन बेकसुलतानोव असायचे. बावीस वर्षांची नोकरी. त्यांनी दोनदा ओरडून सांगितलं होतं, "सातव्यावर सहाव्याचा आकडा आलाय!" मी जाऊन पाहिलं तोवर आकडा बरोबर. सगळे हसले. "तोलेगेन-आगा, चष्मा बदला, नाहीतर बाटली बदला." मीही हसले, राबिगा. त्या नोंदीवरून त्यांना फलकावरून काढलं आणि दिव्यांच्या खोलीत बसवलं. पाच वर्षं ते खाली उतरणाऱ्यांना दिवे देतात. येर्किन रोज त्यांच्याच हातून दिवा घेतो. आणि मी त्या खोलीवरून जाताना फोनवर बोलत असल्याचं नाटक करते. या असल्या कानाने!

इर्मा

*

अल्माटी, २३ फेब्रुवारी

माझी इर्मा,

तू गेलीस. बाकी सगळं नंतर.

शुक्रवारी सकाळी मी 'सात-चार चूक आहे' ही सूचना अरिकच्या संकेतस्थळावर लावायला घेतली. दौरेन दारात उभा राहून म्हणाला, "आपाय, नाव खराब होईल."

"कुणाचं?"

"अरिकचं. आपलं."

"मग आपलं होऊ दे. माझ्या नावाने लाव, वर, लाल अक्षरांत." तो आत आला. मग स्वतः बसून लाल रंग निवडला. दोन वेळा बदलला, अजून गडद केला.

आजपर्यंत एकोणचाळीस उत्तरं आली. त्यातल्या नऊ जणांनी सात-चार तसंच्या तसं उचललंय. तालदिकोर्गानच्या काचगृहातली एक बाई, सेमेयची एक बेकरी, आणि उत्तरेकडे एका शहराला ऊब देणारं बॉयलरघर. बॉयलरवाल्याने फक्त एवढंच लिहिलं, "यंत्रं गेल्या महिन्यात बदलली. आत्ता बंद केलं." ते वाचून मी खिडकी उघडून उभी राहिले. म्हणून मंगळवारी मी तुझ्याशेजारी उभी राहायला येऊ शकत नाही. उत्तरं येत आहेत आणि प्रत्येकाला कुलूप कुठे घालायचं ते नीट सांगावं लागतं. घाईत काय होतं, ते आपण पाहिलं.

उद्याच्या गाडीने पाकीट पाठवते. सहाव्या डब्याच्या कंडक्टर बाईकडे देईन, नाव झिनाइदा, केस तांबडे रंगवलेले. पोस्टाचा भरवसा नाही आणि चौकशीला कागद हातात हवेत. सोमवारी सकाळी स्टेशनवर स्वतः जा, लिलियाला पाठवू नकोस.

आत वेगवेगळी पाकिटं आहेत. जाड आहे ते चौकशीचं. त्यात पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तीचं पान एकशे बारा आणि त्या दोन ओळी कुणी, कधी, कशासाठी खोडल्या त्याचं माझं सहीचं निवेदन. ते बंद आहे, बंदच दे. माझ्याकडे बघून तू त्यात काही कमी-जास्त करशील, म्हणून. झेनिसच्या पाकिटात नवं सात-चार, पूर्ण, कुलपासकट, चार पानांचं. आकृती पुढच्या पानावर गेली आहे. ते आठ मेंदूंच्या यंत्रावर मी सहा दिवस सलग चालवलंय, पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवू नये, स्वतः चालवून बघावं, असंही लिहिलंय. येर्किनला एक छोटी चिठ्ठी आहे. ती लिलियासमोर देऊ नकोस. तिला काय आणि कधी सांगायचं, ते त्याचं तो ठरवेल. पिशवीतले जर्दाळू लिलियाला.

शेवटचं एक पान सुटं आहे, पाकिटाशिवाय. मार्गदर्शिकेत चूक दुरुस्त झाली की ती पहिल्यांदा कुणी पाहिली त्याचं नाव आपण छापतो. सहाव्या आवृत्तीत सात-चारच्या खाली छापलंय: "ही चूक मार्च २०१४ मध्ये प्रथम तोलेगेन बेकसुलतानोव यांनी पाहिली व सांगितली." छापखान्यातून आलेलं पहिलं पान तेच आहे, शाईचा वास अजून जायचाय. ते दिव्यांच्या खोलीत नेऊन दे. तुझा पास काढून घेतलाय, तेव्हा फाटकावर थांबून त्यांना निरोप पाठव. ते येतील. मंगळवारच्या आधी दे, नंतर नको. आणि त्यांनी विचारलं, हे इतक्या वर्षांनी कसं कळलं, तर ते तू सांग. पानावर ते मी लिहिलेलं नाही.

राबिगा